दोन कॅमेरे आन् माह्या सईचा मोर

हातायचा फोटो निघाला त्या टायमाले तिथी जे हजर होते त्यायचे नावं पह्यले सांगतो. एक मी, पार्बता. दुसरी माही नात रंजू, माह्या मोठ्या पोराची पोरगी. मूलले तिचं फोटोचं दुकान हाये. तिसरा प्रफुल्ल, दुकानातला तिचा भागीदार. चौथी माही सई. पाचवी सईची सून सोमारी. आन् दोन कॅमेरे, एक रंजूचा, एक प्रफुल्लचा. त्यायले बी मानसातच धरतो, कारन साऱ्या रस्त्यानं त्यायच्याइतके लाड कोनाचेच झाले नाई.

सईचं नाव मी घेतलं नाई. एकदा सई बांधली, म्हनजे जन्माची मैतरीन केली, का एकमेकीचं नाव तोंडानं घेत नाई. मी सांगून राह्यली आन् रंजू लिहून राह्यली, तवा ते नाव रंजूनंच लिहावं. रंजूनं लिहिलं, मैनीबाई. पोट्टीले ते नाव कसं समजलं, ते पुढं येते.

मूल

हे सारं सुरू झालं दुकानातल्या भांडनापासून. रंजूचा कॅमेरा जुना. एक म्हातारा फोटोवाला दुकान बंद करून पोराकडं राहाले गेला, त्याच्याकडून घेतलेला. घासून घासून त्याचे कोने पांढरे झाले हायेत. प्रफुल्लचा नवा, मोठा, गळ्यात घातला का मान वाकते. एकाच लग्नात अर्धे फोटो हिचे, अर्धे त्याचे. हिच्या फोटोत नवरी हळदीवानी पिवळी, त्याच्या फोटोत गुलाबी. लोक इचारत, नवरी एक होती का दोन? मंग दोघायनं ठरवलं का दुकानात एकाच जातीचे कॅमेरे ठेवाचे. कोनत्या जातीचे, तिथी मात्र दोघंबी अडले.

"तुह्या फोटोत रवा पडते," प्रफुल्ल म्हने. "मांडवात उजेड कमी झाला का साऱ्यायच्या तोंडावर रव्यावानी दाने."

"आन् तुह्या फोटोत साऱ्यायच्या तोंडाले पावडर. त्या दिवशी माजरीच्या कोळशाच्या खानीतून ड्युटी करून आलेला नवरदेवाचा मामा, तो बी गोराभुरका!"

"मामा खुश होता."

"मामी वळखत नोती त्याले."

मी मूलले डोळे तपासाले आलेली, दुकानात बसली होती. एका डोळ्याचं आपरेशन झालं होतं, त्या डोळ्यानं मले चांगलं दिसते. दोघायचं आयकून आयकून कान किटले. मी बाही वर केली आन् डावा हात त्यायच्या टेबलावर ठेवला.

"परीक्षाच घ्याची हाये न? मंग हे घ्या. माह्या आन् माह्या सईच्या हाताचा फोटो काढा. ज्याच्या फोटोत हे झाड पुरं दिसंन, त्याचा कॅमेरा खरा."

दोघं बी माह्या हातावर वाकले.

आता त्या हाताचं सांगतो. मी पोट्टी असतानी दुकाळ पडला. धानाच्या बांध्या तडकल्या, धान नाई का तनस नाई. घरचे सारे सडकेच्या कामावर गेलो, धानोऱ्याकडच्या जंगलात, गिट्टी फोडाले. दिवसभर हातोडी, अन् रात्री हात असा सुजे का मूठ मिटत नोती. तिथी एकाच ढिगावर माह्या बाजूले एक गोंडाची पोट्टी बसे. तिले मराठी येत नोती, मले गोंडी येत नोती. पह्यले आमी एकमेकीले शिव्या शिकवल्या, बाकीची भाषा मंग आली. मले ताप भरला तवा माह्या वाटची गिट्टी तिनं फोडली, कोनाले समजू दिलं नाई. तिच्या घरची आंबील अर्धी माही असे.

काम सरत आलं तवा एक गोंदनारी बाई आली. आमी तिले म्हनलं, आमी सई बांधतो, आमाले एकसारकं गोंद. ती बाई डोक्यानं मोठी हुशार. म्हने, एकसारकं कायले, एकच गोंदतो दोघीत. माह्या डाव्या हातावर मोर, सईच्या उजव्या हातावर मोर, आन् मधी एक झाड. अर्धं झाड माह्याकडं, अर्धं तिच्याकडं. हाताले हात लावला का झाड पुरं व्हाचं आन् दोन मोर समोरासमोर याचे. सुईनं टोचलं, काजळी भरली. मी रडली नाई. गिट्टी फोडनाऱ्या हाताले सुईचं काय.

मंग माहं लगन मूलकडं झालं, तिचं जंगलात. दरसाली मार्कंड्याच्या जत्रेत भेटो. नदीच्या काठी एक झाड होतं, त्याच्याखाली बसून हाताले हात लावून पाहो. एका वर्षी धान उकडतानी हंडा कलंडला आन् कढत पानी माह्या हातावर आलं. मोराची मुंडी आन् मान गेली. झाड वाचलं. त्यानंतर नवरा गेला, पोरं लहान, दुसऱ्यायच्या बांध्यात धानाचे रोवने करू करू त्यायले वाढवलं. जत्रा सुटली. मंग गुडघे गेले. गंज वर्सं सईची आन् माही गाठ नाई. तिच्या गावाले फोनची रेंज बी नाई.

मले एकच पाह्यजे होतं. दोघी जित्या हावो तवर दोघीचे हात एका फोटोत याचे, आन् झाड पुरं दिसाचं.

मार्कंडा

फागुनात निघालो. प्रफुल्लच्या घरच्या जुन्या व्हॅनमधी पुढं तो, बाजूले मी, मागं रंजू आन् कॅमेऱ्यायचं सामान. मी लाखोरीच्या डाळीचे वडे बांधून घेतले होते, फडक्यात. हरणघाटच्या पुलावर आलो त नदी अशी आटलेली का रेतीच जास्त, पानी कमी. पन ज्या बाजूले पानी होतं ते उन्हात असं चमके का दोघायनं गाडी थांबवून तिथीच पह्यली खटखट केली.

मार्कंड्याले जत्रा होऊन गेलती. दुकानायचे बांबू उभेच होते. देवाचं दर्शन घेतलं आन् मी आमचं झाड पाहाले नदीकडं गेली. झाड नाई राह्यलं. तिथी च्याची टपरी हाये. मी टपरीवर बसली, च्या पेली, आन् परत आली.

इकडं यायची परीक्षा चालू होती. तीन पायाची घोडी लावली, तिच्यावर आधी रंजूचा कॅमेरा, मंग काढून प्रफुल्लचा. तोच दगड, तेच उन. देवळाच्या भिंतीवर अशा बारीक मूर्ती हायेत का एकेकीच्या गळ्यातले मनी मोजून घ्यावे. रंजूच्या भिंगाले मागंपुढं होता येत नाई, मंग तिलेच मागंपुढं व्हा लागते. प्रफुल्ल एका जागी उभा राहून भिंग फिरवते आन् हिची गंमत पाह्यते.

"अजून दोन पावलं मागं जाय," तो म्हने, "नदीत पडशील तवा पुरं देऊळ येईन."

"भिंग फिरवनाऱ्याचे पाय जड होतेत," ती म्हने. "पोट बी."

मी सावली पाहून भिंतीले टेकून बसली, वडे सोडले. ते दोघं दगडाचा फोटो काढत होते आन् प्रत्येक फोटोत मी. कुठी माहे पाय, कुठी वडा. मले कोनी सांगतलं नाई, मी हालली नाई.

मंग मांडीवरच्या कॅम्पुटरवर दोघायचे फोटो शेजारीशेजारी लावले. "आजी, सांग. कोनता चांगला?"

मी चांगल्या डोळ्यानं पाह्यलं. म्हनलं, "हा."

"काऊन?"

"याच्यात मी सरपंचाच्या मायवानी दिसतो."

तो प्रफुल्लचा होता. त्यानं हात वर करून नाचून घेतलं. रंजू चिडली. "आजी, तू काळी हायेस!"

"मले मालूम नाई का? जिंदगीभर काळीच होती. एखाद्या फोटोत त गोरी होऊ दे."

पन मंग तिनं माहा हात मोठा करून दाखवला. तिच्या फोटोत हातावरचं गोंदन हिरवं हिरवं दिसे. प्रफुल्लच्या फोटोत हात कसा, घासून पुसून ठेवलेल्या ताटावानी. ना मोर, ना झाड.  गोरी होन्याच्या नादात हे गेलं.

प्रफुल्ल डोकं खाजवत म्हने, "सेटिंग हाये आजी. लग्नासाठी लावून ठेवली. लोकायले चेहरा मऊ पाह्यजे, गोरा पाह्यजे. पोरीवाले पैशे देतेत त आधी तेच पाह्यतेत."

"मंग काढ ते."

"काढली."

दुसरा फोटो काढला. मी काळी झाली, मोर परत आला. त्याच्या फोटोत दगडाचा एकेक कन दिसे, रंजूच्या फोटोत दगडाचा रंग खरा वाटे. आता कोनाले बरा म्हनावं? मी म्हनलं, वडे खा, पुढं पाहू. लाखोरीचा वडा थंडा झाला का अजून चांगला लागते. दोघं भांडन सोडून वड्यावर पडले.

हापशीवर

चामोर्शी, गडचिरोली झालं, धानोऱ्याच्या पुढं सडक बारीक झाली. दोन्हीकडं मोह गळून राह्यलेला. मोहाच्या झाडाखाली लोकायनं पालापाचोळा जाळून जागा साफ केलेली, काळी राखच राख, आन् तिच्यावर पिवळे फुलं. वास असा गोड का डोकं जड होते. प्रफुल्ल म्हने, "आजी, एवढ्या वासानं गाडी वाकडी चालंन." मी म्हनलं, "वास घे, चव घेऊ नोको."

गावात पोचलो. घरं दूरदूर, कोनाचं अंगन कोनाले लागत नाई. पन अंगन असे सारवलेले का चप्पल काढून चालावं वाटते. आमच्याकडं घराले घर चिकटलेलं, भांडन बी भिंतीतून आयकू येते. हापशीवर दोनचार बाया होत्या. प्रफुल्लनं गाडी थांबवली.

"आजी, नाव सांगा. इचारतो."

"माह्या सईचं घर इचार."

"सईचं नाव काय?"

"सईचं नाव घेत नाई बाप्पा."

"मंग इचारू काय मी?"

"तिच्या नवऱ्याचं नाव इचार."

"ते काय?"

ते मले आठवेना. गंज वर्सं झाली, आन् मी त्याले जवाई म्हनत होती. रंजूनं कपाळाले हात लावला. "आजी, पेट्रोल जाळून इथवर आलो आन् तुले नाव घ्याची लाज वाटते?"

"लाज नाई. घेत नाई म्हनजे घेत नाई."

मी खाली उतरली. बायाच्या जवळ गेली, बाही वर केली आन् हात पुढं धरला. मुंडी नसलेला मोर आन् अर्धं झाड. एका बाईनं घागर खाली ठेवली. माहा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. मंग गोंडीत काहीतरी बोलली आन् मराठीत म्हने, "हा त मैनीबाईचा मोर! मैनीबाई माही सासू, ह्याचा जोडीचा तिच्या हातावर हाये."

ती सोमारी. सईची सून. तिनंच घागर डोक्यावर घेतली आन् पुढं चालली, आमी मागं. रंजूले सईचं नाव असं समजलं.

सई अंगनात बसून टोपली विनत होती. डोक्याचे केस पांढरे झाले, बाकी तीच. मान वर करून पाह्यलं. उठली नाई.

"मेली नाईस तू अजून?"

"तुले सांगून मरीन म्हनलं."

मंग उठली. दोघी एकमेकीच्या गळ्यात पडलो, आन् हसाले लागलो, रडनं मधी आलंच नाई. तिनं माहा हात पाह्यला. "तुह्या मोराची मुंडी कुठी गेली?"

"हंड्यातल्या पान्यानं नेली. तुले जत्रेत सांगतलं होतं न."

"मी विसरली. मले वाटलं मीच खाल्ली."

आमच्याकडं पाहुना आला का च्या. तिकडं पह्यले पाय धुवाले पानी, मंग पळसाच्या पानाच्या डोन्यात आंबील. अंगठ्यानं डोना दाबून प्या लागते, नाईतर साऱ्या आंगावर. प्रफुल्लनं आंगावरच घेतली. सोमारी तोंड लपवून हसली आन् दुसरा डोना भरला.

तेल

फोटोचं सांगतलं त सईचं तोंड उतरलं.

"फोटो नोको."

"काऊन?"

"गंज लोक आले आजपर्यंत. मोठे मोठे कॅमेरे. माह्या नथीचा फोटो काढला, हाताचा काढला, मुसळ घेऊन उभी कर, डोक्यावर लाकडं ठेवून उभी कर. सारे म्हनले, आजी, पाठवून देतो. एक बी फोटो मी पाह्यला नाई. मी कशी दिसतो ते साऱ्या दुनियेले मालूम असंन. मले नाई."

तिचं म्हननं खरं होतं. रंजू उठली, कॅमेऱ्याच्या मागची काच तिच्यासमोर धरली. सईनं डोळे बारीक केले. "एवढुशा काचेत मले मुंगी दिसते."

"मी कागदावर मोठा आनून देईन," रंजू म्हने. "मीच आनीन. पाठवनार नाई."

सईनं माह्याकडं पाह्यलं. "तुही नात?"

"माहीच."

"तुह्यावानी खोटं बोलते का?"

"माह्यापरस कमी."

"मंग काढ," ती म्हने. "पन असे कोरडे हात घेऊन नाई. चांगले करून."

आता आमी काय केलं ते सांगतो. आमच्याकडं बी आन् तिकडं बी, चांगल्या कामाले बसाचं असलं का गोंदनाले तेल लावतेत. तेल लावलं का गोंदन उठून येते, काळंभोर दिसते. सोमारीनं मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल आनलं. मी सईचा हात चोळला, तिनं माहा. कोपरापासून बोटापर्यंत. जत्रेत झाडाखाली बसाच्या आधी आमी असंच करो. हात असे झाले का माशी बसली तरी घसरंन. हाताले हात लावला, आन् खरंच, झाड पुरं झालं. मले दिसे, सईले दिसे.

सांज पडत होती. रंजूनं काढला. प्रफुल्लनं काढला. दोघायनं काचेत पाह्यलं, मंग एकमेकाच्या काचेत पाह्यलं.

"काय झालं?" मी म्हनलं.

काचेत हात नोतेच. हाताच्या जागी पांढरे पट्टे, उन्हात पडलेल्या पत्र्यावानी. मधी कुठीतरी मोराची शेपटी. झाड नाई.

मंग जे सुरू झालं ते सांगाले नोको. तो म्हने तुह्या भिंगाचं काम नाई हे. ती म्हने तुह्या कॅमेऱ्यावरच्या दिव्यानं सारं पांढरं केलं. दिवा बंद केला. मंग उजेड कमी पडला, रंजूच्या फोटोत रवा आन् प्रफुल्लच्या फोटोत रवा नाई पन तेच पांढरं. दाराजवळ बसवलं, चुलीजवळ बसवलं, बलबाखाली बसवलं. दर वेळी आमी दोघी आठवनीनं परत तेल लावो, का बाप्पा सुकलं असंन म्हनून दिसत नसंन.

शेवटी सई म्हने, "सई, राहू दे. कॅमेऱ्याले आपल्यासारक्या म्हाताऱ्या दिसत नाई."

ती हसून म्हनली. पन मी तिले वळखतो. ती आतून म्हनली. आन् सकाळी आमाले निघाचं होतं, दुसऱ्या दिवशी दुकानाले एका लग्नाचे फोटो काढाचे होते. मी भात खाल्ला, सुकवलेल्या वास्त्याची, बांबूच्या कोंबाची भाजी खाल्ली, चांगली होती. पन चव मले दुसऱ्या दिवशी आठवली, खातानी नाई.

मोहाखाली

फटफटलं आन् सोमारी टोपली घेऊन मोह येचाले निघाली. सई म्हने, "चालतं का सई? गुडघे हायेत का घरी ठेवून आली?" मी म्हनलं, चाल.

झाडाखाली बसून सरकत सरकत येचत गेलो. फूल खाली पडते त टप करून, पान्याच्या थेंबावानी. सोमारीच्या हाताचा सपाटा असा का आमी दोघी मिळून तिच्या अर्ध्यालेबी पोचो ना. गिट्टीचे दिवस आठवले. सई म्हने, "तवा बी तू हळूच होतीस." मी तिले तिनंच शिकवलेली गोंडी शिवी दिली. सोमारीच्या हातची टोपली खाली पडली. सासूची सई अशी बोलते हे तिले मालूम नोतं.

आता जाळलेल्या पाल्याची राख, आन् आमच्या हाताले कालचं तेल. उठलो तवा चारही हात कोपरापर्यंत काळेकुट्ट, कोळशाच्या मालगाडीवानी. असं घरात कसं जावं? बाजूले नाला होता, थोडंसं पानी होतं. काठची माती घेतली आन् हात घासले. एकदा घासून गेलं नाई, दोनदा घासले. सईनं माहे घासले, मी तिचे, मंग पदरानं कोरडे केले, आन् आंब्याच्या झाडाखाली बसलो. उन अजून झाडाच्या मागंच होतं. हात मोकळे झाले होते, हलके. कोनी सांगतलं नाई, पन सवयीनं तिनं उजवा हात पुढं केला, मी डावा लावला.

प्रफुल्ल आमाले च्याले बलावाले आला. दहा हात दूर उभा राह्यला, आन् बोंबलला, "आजी! हलू नोका! दोघीबी हलू नोका!"

मले वाटलं साप हाये. मी दगडावानी बसली. सईनं डोळेच मिटले.

"रंजू! रंजू ये! कॅमेरे आन! दोन्ही आन!"

त्याच्या हातात काही नोतं. ज्याचा कॅमेरा रात्री झोपतानी बी गळ्यात असते, तो च्याले बलावतानी ठेवून आला होता. रंजू धावत आली, एक कॅमेरा या खांद्यावर, एक त्या. आमच्या हातावरचं पुरं झाड पाह्यलं आन् कपाळावर हात मारला. "तेल! आजी, तेल होतं ते! तेलावर उजेड चमके! आन् तुमी दर वेळी अजून लावत होत्या!"

"मंग तेल लावलं का उठून दिसते न," सई म्हने, डोळे मिटूनच. "साप गेला का?"

साप नाई हे समजल्यावर ती अशी हसाले लागली का हात हालला, आन् रंजू म्हने, "हसा, पन हात नोका हालवू." हात न हालवता हसनं लय कठीन असते, करून पाहा. रंजू मागं गेली, पुढं आली, गुडघ्यावर बसली, मातीत झोपली. प्रफुल्लनं भिंग फिरवलं, मंग भिंग सोडून तो बी मातीत झोपला. एवढे फोटो त दोघायनं कोन्या नवरीचे बी काढले नसंन.

घरी अंगनात कॅम्पुटर उघडला. बाजूचे लोक बी जमले.

रंजूचा फोटो पह्यले. आमचे हात मातीवानी, आन् त्याच्यावर हिरवं गोंदन, जसं पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर गवत येते तसं. झाड पुरं. कुठी माहं सरते आन् कुठी सईचं सुरू होते, समजत नोतं.  सईनं बोट लावून लावून पाह्यलं, या फांदीवरून त्या फांदीवर.

मंग प्रफुल्लचा. रंग तेवढा नोता, थोडा थंडाच. पन त्यानं तो मोठा केला, अजून मोठा केला. कातडीची एकेक सुरकुती नाल्यावानी. तो माह्या जळलेल्या जागेवर आला आन् थांबला.

"आजी, इथी पाहा."

माह्या डागाच्या चुरगळलेल्या कातडीत तीन टिपके होते. दोन एकाले एक लागून, आन् एक थोडा वेगळा.

"हा तुरा," सई म्हने. तिनं तिच्या हातावरच्या मोरावर बोट ठेवलं. तिच्या मोराच्या डोक्यावर बी दोन टिपके तुऱ्याचे, आन् एक डोळ्याचा. "आन् हा डोळा. तुह्या मोराचा डोळा उघडाच हाये, सई."

इतकी वर्सं तो हात मी रोज धुतला. मले तिथी कधी काही दिसलं नाई. चांगल्या डोळ्यानं बी नाई.

रंजूनं प्रफुल्लकडं पाह्यलं. "तुहा कॅमेरा चांगला हाये," ती म्हने.

"तुह्या रंगासारका नाई," तो म्हने.

दोघं एकमेकायचं चांगलं बोलले त सारेच त्यायच्याकडं पाहाले लागले, काय इपरीत झालं म्हनून. सोमारीनं च्या आनली. दुकानात आता दोन्ही कॅमेरे हायेत. भांडन बी हाये.

दोन फोटो

रंजूनं फोटो पाठवले नाई. दोघं परत गेले, मी बी गेली. दोन मोठे फोटो काचेत बसवून, चादरीत गुंडाळून. एक रंजूचा रंगाचा, एक प्रफुल्लचा बारकाईचा. सईले म्हनलं, तुले पाह्यजे तो घे, दुसरा मी नेतो.

मले वाटलं ती हिरवा घेईन, झाड त्याच्यातच सुंदर हाये. तिनं दुसरा घेतला, जवळ धरून त्या तीन टिपक्यावर बोट फिरवलं.

"हा मले दे," ती म्हने. "तुह्या मोराची मुंडी माह्याजवळ राहू दे. तुह्याकडं ठेवली का तू परत हंड्यात टाकशीन."

माह्या घरी हिरवं झाड हाये, चुलीच्या समोरच्या भिंतीवर. धान उकडतानी मी त्याच्याकडं पाह्यतो. तिच्या घरी मोर हाये.

आता जो कोनी हे वाचून राह्यला त्याले माहं एकच म्हननं हाये. तुमच्या घरी, नाईतर शेजारी, गोंदलेल्या हाताची म्हातारी असंन, त तिच्या हाताचा फोटो काढा. कॅमेरा कोनताबी चालते, मोबाईल बी चालते. तिले तेल लावू देऊ नोका, ती म्हनली तरी. हात मातीनं धुवा, सकाळच्या सावलीत बसवा. आन् फोटो काढून झाला का तो घेऊन जाऊ नोका. कागदावर मोठा करा, आन् पह्यले तिले दाखवा.